सरपणावर घर उबदार ठेवायचं तर: लाकूड फोडण्यापासून राख काढण्यापर्यंत

लाकडावर घर गरम ठेवणाऱ्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. धूर फार होतो, शेगडीच्या (म्हणजे धुराडं जोडलेल्या बंदिस्त लोखंडी शेगडीच्या) दाराची काच काळी पडते, सरपण बघता बघता संपतं आणि खोली मात्र गारच. मग सगळा राग शेगडीवर निघतो. माझं मत विचाराल तर बहुतेक वेळा शेगडी बिचारी ठीक असते. एक तर लाकूड ओलं असतं, नाहीतर लाकूड कोरडं असूनही जाळणारा माणूस हवा कोंडून आग धुमसत ठेवत असतो. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा वाळवण्याला आणि हवेला दिली आहे. शेगडी कोणत्या कंपनीची घ्यावी, हे यात नाही.

आधी आगीचा स्वभाव

लाकूड तीन टप्प्यांत जळतं. आधी त्यातलं पाणी वाफ होऊन जातं, आणि ते चालू असेपर्यंत लाकूड १०० अंश सेल्सिअसच्या फारसं वर तापत नाही. पाणी गेलं की २००-३०० अंशांच्या आसपास लाकडातून वायू सुटायला लागतात. आपल्याला ज्वाळा दिसते ती या वायूंची. शेवटी उरतात ते निखारे, आणि ते जवळजवळ ज्वाळेविना जळत राहतात.

यातला मधला टप्पा महत्त्वाचा. कोरड्या लाकडाच्या वजनाचा तीन-चतुर्थांशाच्या आसपासचा भाग वायू होऊन सुटतो आणि लाकडातली निम्म्याहून अधिक उष्णता त्या वायूंतच असते. ते पूर्ण जळायला साधारण ६०० अंशांच्या वर तापमान आणि भरपूर हवा लागते. दोहोंपैकी एक कमी पडलं की तेच वायू धूर होऊन निघून जातात. धुराड्यातून सतत निळसर-करडा धूर निघत असेल, तर ते न जळता वाया चाललेलं सरपण समजा.

आता ओल्या लाकडाचा हिशेब. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या जवळपास निम्मं पाणी असतं. एक किलो ओल्या लाकडातलं हे अर्धा किलो पाणी उडवायला साधारण ०.३५ युनिट उष्णता लागते (युनिट म्हणजे विजेच्या बिलावरचंच, एक किलोवॉट-तास). उरलेल्या अर्धा किलो लाकडात अडीच युनिट असतात. म्हणजे पाण्यावर थेट जातो तो सातवा-आठवा हिस्सा. एवढंच असतं तर चालवून घेतलं असतं. पण वाफेमुळे आग थंड पडते, वायू पेटण्याइतके तापतच नाहीत आणि तसेच वर जाऊन धुराड्याच्या गार भिंतींना डांबरासारखे चिकटतात. हे डांबर पुढे कधीतरी पेट घेतं. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, पण शेगडीत ओलं सुक्यालाही धड जळू देत नाही.

पहिली पायरी: किती लागेल?

अंदाज न करता सरळ आकडेमोड करा. नीट वाळलेल्या एक किलो लाकडात साधारण ४ युनिट उष्णता असते, मग झाड कुठलंही असो. चांगली बंदिस्त लोखंडी शेगडी त्यातली ७० ते ८० टक्के खोलीत देते, म्हणजे किलोमागे सुमारे ३ युनिट हाती येतात.

समजा दिवसाला १० तास सरासरी ५ किलोवॉट उष्णता हवी आहे. म्हणजे ५० युनिट. भागिले ३, साधारण १७ किलो लाकूड रोज. हिवाळा १२० दिवसांचा धरला तर दोन टन. थंडी रोज सारखी नसते, पण थोडं जास्त धरलेलं बरं. उरलेलं सरपण पुढच्या वर्षी आणखी कोरडं होऊन कामी येतं.

हेच गणित उघड्या फायरप्लेसला लावून बघा. तिथे १० ते २० टक्केच उष्णता खोलीत राहते. किलोमागे ०.६ युनिट धरलं तर रोजचे ८० किलोहून जास्त होतात! त्यातही उघडी आग खोलीतली तापलेली हवा धुराड्यातून ओढून नेते आणि फटींतून तितकीच गार हवा आत येते, त्यामुळे समोर बसणाऱ्याचे गुडघे भाजतात आणि पाठ गारठते. सन १७९६ च्या सुमारास काउंट रमफोर्ड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शास्त्रज्ञ बेंजामिन थॉम्पसन यांनी फायरप्लेस उथळ करून आणि तिचा घसा (धूर वर जायची वाट) अरुंद करून हा प्रकार बराच सुधारला. तरी अख्खा हिवाळा तिच्यावर काढायचा विचार असेल तर सोडून द्या. बसायला सुंदर, घर तापवायला कुचकामी.

जागेचाही हिशेब लागतो. रचलेल्या थप्पीत साधारण दोन-तृतीयांश लाकूड आणि बाकी पोकळी असते. जड लाकडाची (घनमीटरला ७०० किलो) दोन टनांची थप्पी सव्वाचार घनमीटरच्या आसपास होते. हलक्या लाकडाची (४०० किलो) साडेसात.

दुसरी पायरी: लाकूड निवडणं

कोणतं झाड चांगलं यावर लोक हिरिरीने वाद घालतात, पण वजनावर पाहिलं तर फरक थोडा आहे. किलोला किलो सगळी लाकडं जवळपास सारखीच उष्णता देतात. राळेमुळे चीड-देवदार वर्गातली थोडी जास्तच. फरक पडतो तो घनतेने. बाभूळ किंवा ओकसारखं जड लाकूड शेगडीत कमी जागा घेतं, सावकाश जळतं आणि मागे टिकाऊ निखारे ठेवतं. चीड, पॉप्लर, सावर यांसारखी हलकी लाकडं पटकन पेटतात, पटकन तापवतात आणि पटकन संपतात. म्हणून थोडं हलकं लाकूड पेटवायला आणि संध्याकाळी खोली झटपट तापवायला, आणि जड लाकूड रात्रीसाठी, अशी दोन्ही ठेवा. लाकूड विकत घेताना मात्र वजनावर घेतलं तर ओल्या लाकडात तुम्ही पाण्याचे पैसे मोजता. त्यामुळे आकारमानावर, म्हणजे रचलेल्या थप्पीची लांबी-रुंदी-उंची मोजून घेणं केव्हाही शहाणपणाचं.

चिडाने धुराड्यात काजळी फार साचते, अशी एक पक्की समजूत आहे. ओल्या चिडाने साचते, तशी ओल्या ओकनेही साचते. कोरडा चीड मोकळ्या हवेत जाळला तर काही बिघडत नाही.

काही गोष्टी मात्र शेगडीत कधीच घालायच्या नाहीत. रंगवलेलं किंवा रसायन पाजलेलं लाकूड (जुन्या खांबांत, कुंपणांत आर्सेनिक असलेलं रसायन असू शकतं), प्लायवूड, प्लास्टिक, रंगीत छपाईचा चकचकीत कागद, समुद्रातून वाहून आलेलं खारट लाकूड. कण्हेरही नको, तिचा धूरसुद्धा विषारी असतो. बागेतल्या छाटणीच्या ढिगात ती नकळत येते, तेवढं बघा.

तिसरी पायरी: तोडणं आणि फोडणं

शेगडीच्या आतली लांबी मोजा आणि त्याहून ५-७ सेंटीमीटर आखूड तुकडे करा. आखूड तुकड्याचा दुसराही फायदा आहे. लाकडातली ओल बाजूंपेक्षा कापलेल्या टोकांतून कितीतरी पट वेगाने बाहेर पडते, कारण झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या तिथे उघड्या पडलेल्या असतात.

सालीने चहूबाजूंनी झाकलेला गोल ओंडका वर्षानुवर्षं आतून ओला राहू शकतो, म्हणून मनगटापेक्षा जाड असलेलं सगळं फोडायचंच. जाडी ८ ते १५ सेंटीमीटर ठेवा. आणि फोडायचं ते ओलं असतानाच. सरळ रेषांचं ओलं लाकूड सहसा कोरड्यापेक्षा लवकर दुभंगतं.

हत्यार म्हणून पातळ पात्याच्या कुऱ्हाडीपेक्षा जाड, पाचरीसारख्या पात्याची जड कुऱ्हाड घ्या. पातळ पातं रुतून बसतं. खाली गुडघ्याच्या जरा खाली येईल इतका ठोकळा हवा, म्हणजे घाव चुकला तर तो ठोकळ्यात जातो, नडगीत जात नाही. पाय फाकवून उभं राहा. ओंडक्याच्या टोकाला आधीच पडलेली चीर शोधा आणि त्या रेषेवर घाव घाला. मोठा ओंडका मधोमध फोडायला जाऊ नका, कडेकडेने फळ्या काढत आत या. गाठ असेल तर ती खालच्या बाजूला ठेवा. ठोकळ्यावर जुना टायर ठेवून ओंडका त्यात उभा केला तर फुटलेले तुकडे चारीकडे उडत नाहीत आणि दर घावाला वाकावं लागत नाही. ही युक्ती कंबरेला फार मानवते. डोळ्यांवर चष्मा आणि पायात जाड बूट हवेतच. पेटवणाच्या बारीक काटक्या-ढलप्या करताना तुकडा हाताने धरून वरून घाव घालायचा नाही. पातं तुकड्यावर टेकवा आणि दोन्ही एकत्र उचलून ठोकळ्यावर आपटा.

चौथी पायरी: रचणं आणि वाळवणं

वाळवण्याला ऊन लागतं, पण त्याहून जास्त वारा लागतो. घराच्या आडोशाला कोपऱ्यात कोंबलेली थप्पी वर्षभरातही वाळत नाही.

जमिनीवर आधी दोन समांतर वासे किंवा लाकडी पॅलेट टाका, म्हणजे लाकूड निदान १० सेंटीमीटर वर राहील. जमिनीला टेकलेली खालची रांग ओल शोषते आणि वाळवीला आयतं घर मिळतं. एकाच ओळीची थप्पी रचा, वाऱ्याला आडवी. जागा कमी म्हणून एकामागे एक ओळी लावायच्याच असतील तर मध्ये हातभर अंतर सोडा. दोन्ही टोकांना खांब ठोका किंवा टोकाचे तुकडे एकआड एक आडवे-उभे लावून बुरूज करा. थप्पी छातीच्या वर नको. वाळताना लाकूड आकसतं, एका बाजूला कलतं आणि उंच थप्पी एखाद्या दिवशी कोसळते.

झाकायचं ते फक्त वरून. पत्रा उत्तम, ताडपत्री असेल तर ती वरच्या हातभर भागापुरती ठेवा. अख्खी थप्पी प्लास्टिकमध्ये गुंडाळणं हा सगळ्यात जास्त आढळणारा घोळ. आतली वाफ आतच राहते, लाकूड कुबट होतं, त्याला बुरशी येते आणि पैसे खर्चून ते ओलं ठेवल्यासारखं होतं. पत्रा नसेल तर निदान वरची रांग साल वर करून लावा.

थप्पी घराच्या भिंतीला चिकटवू नका. वाळवी, किडे, उंदीर यांना तिथून घर जवळ पडतं आणि आगीच्या दृष्टीनेही ते बरं नाही. घरात आठवडाभराच्याच सरपणाची रास आणा, तीही शेगडीपासून लांब.

किती दिवस? फोडलेल्या हलक्या लाकडाला सहा महिने ते वर्ष, जड लाकडाला वर्ष ते दोन वर्षं. ओकला दोन लागतातच. म्हणून ज्यांना जागा आहे त्यांनी दोन थप्प्या ठेवाव्यात: एक या हिवाळ्याची, एक पुढच्याची. थप्पीवर खडूने फोडल्याचा महिना लिहून ठेवा. दोन वर्षांनी कोणती आधीची हे कुणालाच आठवत नाही.

वाळलंय की नाही, कसं कळणार?

विकणारा 'एकदम सुकं' म्हणेल. तुम्ही तपासा.

टोकांना मधून बाहेर जाणाऱ्या चिरा, फिकट करडा रंग, सुटत आलेली साल ही चांगली चिन्हं. पण चिरा पृष्ठभागाची गोष्ट सांगतात, गाभ्याची नाही. दोन तुकडे एकमेकांवर आपटा: कोरडे असतील तर टणटणीत आवाज येतो, ओले असतील तर बद्द. मग त्यांतला जाड तुकडा मधोमध फोडा आणि नव्या उघड्या पडलेल्या बाजूवर हाताचा मागचा भाग किंवा गाल टेकवा. ओलं लाकूड तिथे लगेच गार, किंचित दमट लागतं आणि त्याला हिरवट-आंबूस वास असतो. कोरड्याला जवळजवळ वास नसतो आणि ते कोमट वाटतं. थोड्या सरावाने हात चुकत नाही.

आकडाच हवा असेल तर लाकडातली ओल मोजणारा दोन सुयांचा छोटा मीटर मिळतो. तो सालीवर किंवा जुन्या टोकावर टोचण्यात अर्थ नाही. तुकडा फोडून नव्या बाजूच्या मध्यावर टोचा. २० टक्क्यांच्या खाली आकडा आला की लाकूड तयार. मीटर नसेल तर थप्पीतले दोन-तीन तुकडे खूण करून ठेवा आणि दर महिन्याला वजन करा. वजन उतरायचं थांबलं की त्या हवेत ते जेवढं वाळायचं तेवढं वाळलं.

पाचवी पायरी: शेगडी आणि धुराडं

शेगडी मोठी घेऊन कमी जाळू, हा विचार अंगाशी येतो. मोठी शेगडी लहान खोली तापवते तेव्हा माणसाला उकडायला लागतं, मग तो हवा कमी करतो आणि दिवसभर आग धुमसत राहते. ढोबळ हिशेब असा: बऱ्यापैकी बंदिस्त घरात १४ घनमीटरला एक किलोवॉट. पाच मीटर लांब, चार मीटर रुंद, २.८ मीटर उंच खोली म्हणजे ५६ घनमीटर, म्हणजे ४ किलोवॉट. फटी जास्त असतील तर थोडी मोठी. लहान शेगडी मोकळ्या आगीवर चालवणं हे मोठी शेगडी गुदमरवण्यापेक्षा कधीही बरं.

त्याआधी घराच्या फटी बुजवा, निदान दारं-खिडक्यांच्या. छपराखाली उष्णतारोधक थर टाकता आला तर त्याइतका फायदा दुसऱ्या कशानेच होत नाही. (शेगडीला लागणारी हवा येण्याचा मार्ग मात्र ठेवायचाच, त्याबद्दल पुढे.)

शेगडी बसवताना लाकडी भिंत, फर्निचर, पडदे यांच्यापासून उत्पादकाने सांगितलेलं अंतर पाळा. तसं काही लिहिलेलं नसेल तर सगळीकडून ९० सेंटीमीटर धरा. खाली आणि दारासमोर न जळणारी फरशी हवी, कारण निखारा उडतो तो पुढेच.

धुराडं जितकं सरळ आणि जितकं घराच्या आतून जाईल तितकं चांगलं. बाहेरच्या भिंतीवरून गेलेलं धुराडं गार राहतं, ओढ (धूर वर खेचण्याचा जोर) कमी पडते आणि काजळी जास्त धरते. उंची निदान साडेचार मीटर असावी. छपरातून बाहेर पडतं तिथून ते किमान ३ फूट वर हवं, आणि १० फुटांच्या आत छपराचा जो काही भाग असेल त्याहून किमान २ फूट उंच. नाहीतर वारा छपरावरून उलटा फिरून धूर आत ढकलतो. हे काम स्वतः शिकत शिकत करण्यासारखं नाही. माहीतगार माणसाकडून करून घ्या.

सहावी पायरी: पेटवणं

बहुतेकांना खाली कागद, वर काटक्या, त्यावर जाड लाकूड ही पद्धत माहीत असते. आग लागते, पण वरची थंड लाकडं सुरुवातीला नुसतीच धुमसतात आणि धूर ओकतात. बंदिस्त शेगडीत उलटं करून बघा.

तळाशी दोन-तीन फोडी थोडं अंतर ठेवून लावा. त्यावर आडवी मध्यम जाडीची चार लाकडं. त्यावर दोन बोटं जाडीच्या, मग करंगळीएवढ्या काटक्या, एकावर एक चौकटीसारख्या रचलेल्या. सगळ्यात वर साध्या वर्तमानपत्राचे दोन-तीन पीळ किंवा वाळक्या सालीचा चुरा. हवेच्या सगळ्या झडपा पूर्ण उघडा आणि वरून पेटवा. आग खाली उतरत जाते. खालच्या लाकडातून सुटणारे वायू वरच्या ज्वाळेतूनच जातात, म्हणून जळूनच बाहेर पडतात. पहिल्या पंधरा-वीस मिनिटांनंतर बाहेर जाऊन धुराड्याकडे बघा. धूर जवळजवळ दिसता कामा नये.

फार थंडीत धुराड्यातली गार हवा खाली बसलेली असते आणि काडी लावताच धूर खोलीत येतो. अशा वेळी आधी शेगडीच्या आत, धुराड्याच्या तोंडाशी एक पेटता कागद धरून ती हवा वर ढकला, म्हणजे ओढ लागते. तरी धूर येतच असेल तर खिडकी बोटभर उघडा आणि स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन बंद आहे ना ते बघा. तो बहुतेक वेळा गुन्हेगार निघतो.

रॉकेल, पेट्रोल शेगडीत ओतायचं नाही. पेटलेल्या आगीवर तर नाहीच, आणि विझल्यासारख्या दिसणाऱ्या निखाऱ्यांवरही नाही.

सातवी पायरी: दिवसभर चालवणं

पहिली लाकडं जळून लालभडक निखाऱ्यांचा थर झाला की पुढची भर टाका. ज्वाळा पूर्ण विझेपर्यंत थांबू नका, आणि ज्वाळा उसळत असताना दारही उघडू नका. दार एकदम न उघडता आधी किंचित किलकिलं करा, दोन-चार सेकंद थांबा, मग उघडा. निखारे पुढे ओढा, त्यांच्यामागे दोन-तीन फोडी ठेवा. एकटं लाकूड नीट जळत नाही. दोन लाकडं एकमेकांना तापवतात. भर टाकल्यावर हवा पुन्हा पूर्ण उघडी. लाकडं सगळीकडून पेटली, काच स्वच्छ दिसली, की मग हवा हळूहळू कमी करा, दर वेळी थोडीशी. ज्वाळा सुस्त, गडद तांबड्या व्हायला लागल्या की जास्त कमी केली असं समजून थोडी परत उघडा. हवी ती पिवळीधमक, हलती ज्वाळा.

धूरनळीवर चुंबकाने चिकटणारा थर्मामीटर लावला तर अंदाज सोपा होतो. एकपदरी नळीच्या पृष्ठभागावर साधारण १२० ते २५० अंश ठीक. त्याखाली सतत राहिलं तर आत काजळी साचते आहे, खूप वर गेलं तर उष्णता वाया जाते आणि नळीलाही धोका.

उष्णता कमी हवी असेल तर कमी लाकूड टाका, हवा कोंडू नका. या एका वाक्यासाठी मी बाकी अर्धा लेख सोडायला तयार आहे.

दुसऱ्या खोलीत ऊब न्यायची असेल तर छोटा पंखा त्या गार खोलीत जमिनीवर ठेवा आणि त्याचं तोंड शेगडीच्या खोलीकडे करा. उलटं वाटतं, पण गार हवा जड असते. ती खालून इकडे ढकलली की तापलेली हवा दाराच्या वरच्या अंगाने आपणहून तिकडे जाते.

रात्रीचं काय?

रात्रभर ज्वाळा ठेवायची गरज नाही. निखारे टिकले म्हणजे झालं. झोपण्याच्या तासभर आधी जड, जाड फोडी एकमेकांना चिकटून भरा, वीसेक मिनिटं पूर्ण हवेवर कडक जाळा, मग हवा कमी करा. पूर्ण बंद मात्र नाही. सकाळी राख बाजूला सारून निखारे एकत्र ओढा, त्यावर काटक्या टाका, हवा उघडा. काडी लागत नाही. घर बऱ्यापैकी बंदिस्त असेल तर कित्येकदा रात्री आग सोडून देणंच सोयीचं पडतं. अंथरुणात शिरल्यावर खोली किती गार झाली याचं कुणाला काय.

न दिसणारा धोका

अपुऱ्या हवेत जळणारं लाकूड किंवा कोळसा कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो, त्यामुळे श्वास चालू असूनही शरीर गुदमरतं. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, गळून जाणं ही लक्षणं, आणि घरातल्या सगळ्यांना एकदमच होत असतील तर शंका नको: सगळ्यांना घेऊन बाहेर मोकळ्या हवेत जा, मग मदत बोलवा.

धुराडं नसलेली निखाऱ्यांची शेगडी किंवा घमेलं बंद खोलीत घेऊन झोपणं जिवावर बेततं. धूर नाही म्हणून ते सुरक्षित वाटतं, पण धूर नसलेल्या निखाऱ्यांतूनच हा वायू सगळ्यात जास्त येतो. धुराड्याची झडप निखारे जिवंत असताना पूर्ण बंद करणंही त्याच जातीचं. एक किलो लाकूड नीट जळायला साधारण ८ ते १० घनमीटर हवा लागते, तेव्हा फटी बुजवलेल्या घरात शेगडीसाठी बाहेरून हवा आत येणारा छोटा झरोका उघडा ठेवावाच लागतो. शेगडीच्या खोलीत आणि झोपायच्या खोलीजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. धुराचा अलार्म वेगळा. एक असला म्हणून दुसरा नको, असं नाही.

धुराड्याची साफसफाई

वर्षातून निदान एकदा, हिवाळा सुरू व्हायच्या आधी, धुराडं झाडून आणि तपासून घ्यायलाच हवं. आतला थर ३ मिलिमीटरचा झाला की वेळापत्रकाची वाट बघायची नाही. भुसभुशीत काजळी ब्रशने निघते. चकचकीत, डांबरासारखा कडक थर ब्रशला दाद देत नाही; तो दिसला तर जाणकाराला बोलवा आणि तोवर आग लावू नका.

धुराड्यात आग लागली तर आतून रेल्वे जवळून गेल्यासारखी घरघर ऐकू येते, नळी लाल होऊ शकते, वर ठिणग्या उडतात. आतलं तापमान १००० अंशांच्या वर जाऊ शकतं. शेगडीचं दार आणि सगळ्या झडपा बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा, अग्निशमन दलाला फोन करा. वरून पाणी ओतू नका. एकदम वाफ होऊन धुराडं फुटू शकतं. आग आपोआप शमली तरी तपासणी झाल्याशिवाय पुन्हा पेटवायचं नाही.

राख

चांगल्या कोरड्या लाकडाची राख वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास असते, सालीसकट थोडी जास्त. लाकडासाठीच्या सपाट तळाच्या शेगडीत दोन-तीन सेंटीमीटर राख मुद्दाम राहू द्या. निखारे तिच्यात गुंडाळल्यासारखे टिकतात आणि तळही जपला जातो.

काढलेली राख झाकणाच्या लोखंडी डब्यातच ठेवायची आणि डबा घराबाहेर, फरशीवर किंवा मातीवर. राखेच्या आत दडलेला निखारा तीन-चार दिवससुद्धा जिवंत राहतो. पिशवीत, कागदी खोक्यात, लाकडी पायरीवर ठेवलेल्या राखेने घरं पेटली आहेत. पूर्ण थंड झालेली राख बागेत पातळ पसरता येते. तिच्यात कॅल्शियम आणि पोटॅशियम असतं. पण ती अल्कधर्मी असल्याने आम्लधर्मी माती लागणाऱ्या झाडांना देऊ नका. काळी काच साफ करायलाही तीच: ओल्या कागदाचा बोळा राखेत बुडवा, घासा, पुसा. दर दोन दिवसांनी काच काळी पडत असेल तर मात्र घासत बसण्यापेक्षा लाकडाची ओल तपासा.

मोसम संपल्यावर

शेवटची आग विझली की शेगडी पूर्ण रिकामी करा. हिवाळ्यात जपलेला तो राखेचा थरही काढा, कारण राख हवेतली ओल शोषते आणि पावसाळी हवेत लोखंडाला गंज चढवते. दाराची दोरी (गॅस्केट) कडक झाली आहे का बघा: दारात कागदाची पट्टी धरून दार बंद करा आणि ओढा. सहज निघाली तर दोरी बदला. आतल्या विटांना तडे असतील तर तेही आताच, कारण हिवाळ्याच्या तोंडावर कारागीर मिळत नाही. हवेची झडप थोडी उघडी सोडा, म्हणजे आत दमटपणा कोंडत नाही, आणि धुराड्याच्या टोपीला जाळी नसेल तर बसवून घ्या. पक्षी घरटं बांधायला तीच जागा शोधत असतात.